एक डबी कमी

"हात तरी शेकून येत जा गं हौसाताई. मढ्याचे हात बरे यापरीस."

सुगंधा हे रोजच पुटपुटायची, थंडीत जरा जास्त. चेकिंगची खोली म्हणजे प्लायवूडच्या तीन भिंती आणि चौथ्या बाजूला पडदा. आत दोघी उभ्या राहिल्या की तिसरीचा श्वाससुद्धा मावायचा नाही. त्यामुळे तिचं पुटपुटणं थेट माझ्या कानात पडायचं आणि तिच्या केसांतलं खोबरेल नाकात.

"हात वर कर," मी म्हटलं.

"केलेत की. अजून किती वर करू? छताला लावू?"

"लाव. तेवढंच जाळं निघेल."

ती हसली. माझे हात तिच्या मानेवरून खांद्यांवर, खांद्यांवरून पाठीवर उतरले. उजवी बाजू झाली. डाव्या बाजूला माझा हात काखेपाशी थांबला आणि तिथून वळसा घालून कमरेवर गेला. दिवाळीपासून तो असाच वळसा घालायचा. तिला ते कळायचं. तिला कळतंय हे मलाही कळायचं. आणि आम्ही दोघी जाळ्याबद्दल बोलायचो.

सिन्नरच्या एमआयडीसीत आमची कंपनी होती. जुने कॉम्प्युटर, टेलिफोन, टीव्ही फोडून त्यातलं तांबं, पितळ, प्लास्टिक वेगळं करायचं, हे रोजचं काम. पण कंपनीचा खरा मान होता तो लष्कराच्या मालामुळे. सैन्यातलं जुनं सामान, वायरलेसचे सेट वगैरे, असं कुठल्याही भंगारवाल्याला देत नाहीत. उद्या कोण ते उघडून काय वाचेल, याचा भरवसा नसतो. म्हणून ते बंद गाडीतून, सील केलेल्या पेट्यांतून आमच्याकडे यायचं. मरायला. आणि ते पुरतं मेलं की नाही हे बघायला एक लष्करी माणूस खुर्ची टाकून बसायचा.

माल जाळीच्या शेडमध्ये फोडायचा. ते काम बायकांचं, कारण बायकांची बोटं बारीक, असं साहेब म्हणायचे. बायका बारीक बोलतात म्हणून असेल, असं मला वाटायचं. आणि त्या बायका आत जाताना आणि बाहेर येताना त्यांच्या अंगावर हात फिरवायचं काम माझं. शाळा चौथीत सुटलेली, पुढचं जे काय शिकले ते रद्दीतून वाचून. अशा बाईला निळा युनिफॉर्म आणि शिट्टी मिळाली, याचंच मला त्या वेळी अप्रूप होतं. शिट्टी कधी वाजवायची वेळ आली नाही.

शेडमध्ये अंगावर धातू चालायचा नाही. आतला कण बाहेर जाऊ नये म्हणून बाहेरचाही कण आत न्यायचा नाही, असा नियम. मंगळसूत्र, जोडवी, केसांचे आकडे, सेफ्टी पिना, सगळं माझ्याकडे उतरवून जायचं. ब्लाउजला हूक चालत नसत, म्हणून बायकांनी बटणं लावून घेतली होती. माझ्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर ओळीनं खिळे ठोकलेले होते, प्रत्येकीचा आपापला. सकाळी त्या भिंतीवर सगळ्यांची सौभाग्यं लटकायची आणि बायका भुंड्या गळ्यानं आत जायच्या. झुंबर म्हणायची, "दिवसभर इधवा, संध्याकाळी सवाष्ण. नवऱ्यापरीस हौसाताईला जास्त भ्यावं लागतं." सुगंधाचा खिळा दाराजवळचा, शेवटचा. पुढं तो कुणाला दिला नाही. नव्या बाया लागल्या तेव्हा मी भिंतीत नवे खिळे ठोकून घेतले.

त्या दिवशी माल थोडा होता. सकाळी सुरू करून संध्याकाळपर्यंत संपवायचा. साक्षीला आलेले सुभेदार मोहिते कऱ्हाडकडचे, निवृत्तीला आलेले, पांढऱ्या मिशीचे. थंडी म्हणून वर्दीवर हिरवा स्वेटर. आल्या आल्या त्यांनी एक पेटी उघडायला लावली, पहिला सेट स्वतःच्या हातानं खोलला आणि त्यातून वालाच्या दाण्याएवढी एक चकचकीत डबी उपसून काढली. प्रत्येक सेटमध्ये अशी एक. तिच्यात म्हणे बोलण्याची किल्ली असते. ती असली तर सैनिकांचं बोलणं ऐकू येतं, नसली तर नुसती खरखर. बाकी सेट गेला तरी चालेल, पण डबी जाता कामा नये. सगळ्या डब्या एका काचेच्या बरणीत जमवायच्या, शेवटी मोजायच्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत चक्कीत घालून भुकटी करायची.

ती डबी घेऊन ते माझ्याकडे आले.

"ताई, डोळं मिटा."

मी मिटले. त्यांनी डबी माझ्या तळहातावर ठेवली.

"आता बोटानं बघा. हात काय शोधतोय ते हाताला ठावं पायजे. न्हाईतर नुसतं चाचपून काय उपेग?" मग त्यांनी ती रुमालात गुंडाळून दिली. "आता कापडातनं बघा. कशी लागती?"

"कठीण लागते. बोटानं ढकलली की सरकते."

"बरोबर."

सरकते ते बरं, असं माझ्या मनात आलं. न सरकणारं काय असतं, ते माझ्या बोटांना दिवाळीपासून ठाऊक होतं. तेव्हा मी पहिल्यांदा सुगंधाच्या डाव्या बाजूला अडखळले होते. मी म्हटलं होतं, "घाम किती आलाय गं." थंडीचे दिवस होते.

सुभेदारांनी डबी माझ्याकडून परत घेतली आणि ते आत जाऊन खुर्चीवर बसले.

दुपारी बायका लिंबाखाली डबे उघडून बसल्या. मी माझी भाकरी घेऊन त्यांच्यात. झुंबरनं कुणाकडे न बघता विचारलं, "त्याचं कसंय गं आता?"

"बरंय," सुगंधा म्हणाली.

"एरंडाचं पान बांधलं का रातीचं?"

"बांधलं."

"गरम करून?"

"गरम करून."

नजमानं लसणाची चटणी पुढे सरकवली. तिनं मागच्या आठवड्यात सुगंधाला दर्ग्यातला ताईत आणून दिला होता. पितळेच्या डबीतला आत नेता येणार नाही म्हणून तिनं तो कापडात शिवून आणला होता. झुंबरचं पान, नजमाचा ताईत, माझी हळद. कशासाठी, हे कुणी कुणाला विचारलं नाही. जणू सगळ्याजणी मिळून एखाद्याचं बारसं टाळत होतो.

मी एकदाच म्हटलं होतं तिला, "दाखवून घे कुणाला तरी." काय दाखवून घे, ते म्हटलं नव्हतं.

"दाखवीन ना. हा लॉट संपू दे."

लॉट संपायचा. पुढचा यायचा.

न बोलण्याला कारणंही होती. आदल्या वर्षी बायजा नावाच्या बाईला खोकला लागला, तो थांबेचना, आणि त्यातच ती गेली. तिचे भाऊबंद गेटवर आले आणि ओरडले की भंगाराच्या धुळीनं पोरगी मारली. तेव्हापासून आमचे मॅनेजर कुलथे साहेब आजाराचं नाव काढू द्यायचे नाहीत. कुणाला काही असलं की "घरी बसा, बरं वाटलं की या," आणि ती बाई परत कधी यायची नाही. बायका शिंक आली तरी पदरात शिंकायच्या. पण खरं सांगायचं तर साहेबाचा धाक हे निम्मंच कारण. धुळीनं एकीला झालं असेल तर ती धूळ सगळ्यांच्याच अंगात गेली होती. घरी अंघोळीला बसल्यावर प्रत्येकजण स्वतःला चाचपत असणार. मी तरी चाचपायचे.

सुगंधाचं कारण वेगळं. तिची आई तशीच गेली होती, आणि थोरली बहीण, तिला ती अक्का म्हणायची, तीही तशीच. दोघींच्या दुखण्याचं नाशिकला दाखवल्यावर नाव कळलं, आणि नाव कळल्यावर दोघी उठल्याच नाहीत. त्यामुळे तिच्या लेखी मारणारं दुखणं नव्हतं, मारणारं नाव होतं. मी तिला समजावू शकले असते. पण रद्दीत वाचलेलं मला जेवढं ठाऊक होतं, तेवढ्यात ती चुकत होती असं छातीठोक सांगण्यासारखंही काही नव्हतं.

संध्याकाळी सेटची रिकामी खोकी एका बाजूला डोंगरासारखी रचली गेली. सुभेदारांनी टेबलावर पांढरं फडकं पसरलं, बरणी उपडी केली आणि एकेक डबी बोटानं बाजूला सारत मोजली. मग पुन्हा मोजली. मग कुलथे साहेबांना मोजायला लावली.

"एक कमी हाय," ते म्हणाले.

शेडमध्ये कुणीतरी पान्हा खाली ठेवला, त्याचा आवाज झाला.

"एखाद्या सेटमध्ये नसेलच साहेब," कुलथे म्हणाले.

"सगळ्यात व्हती. मी एकेक बघितलीया. ती गावल्याबिगर गेट उघडायचं न्हाई. माझ्या सर्विसला थोडं दिस राह्यलंत. वर्दी उतरवायची ती इज्जतीनं उतरवायची हाय मला."

ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मग शोध सुरू झाला. बायकांनी टेबलं हलवली, जमीन झाडली, केर चाळणीनं चाळला. झुंबरनं फरशीच्या फटीतून झाडूची काडी फिरवली. खोकी पुन्हा उलटी करून ठोकली. बाहेर बायकांना न्यायला आलेला टेम्पो हॉर्न वाजवून वाजवून थकला. डबी नाही.

"आता अंगझडती," कुलथे साहेब म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "हौसाबाईंनी नको. रोज एकत्र बसून भाकरी खातात, झडती काय घेणार. चौकीवरून लेडी कॉन्स्टेबल बोलवा."

मी सुगंधाकडे बघितलं. ती टेबलाला टेकून उभी होती, हाताची घडी छातीवर घालून. ती आताशा नेहमीच तशी उभी राहायची.

कॉन्स्टेबल स्कूटीवरून आली. छातीवर शिंगाडे नावाची पट्टी, वय माझ्या धाकट्या लेकीएवढं, तोंडात लवंग. तिनं पहिलं मलाच आत घेतलं. माझ्याच खोलीत, माझ्याच पडद्याआड मी हात वर करून उभी राहिले. तिचे हात गरम होते. काही म्हणजे काही सोडलं नाही तिनं. इतक्या वर्षांत मला प्रथम कळलं की दुसऱ्याचा हात अंगावरून फिरतो तेव्हा माणूस छताकडे का बघतं. जाळं खरंच मोठं झालं होतं.

माझ्यानंतर नजमा. नजमानंतर झुंबर. पडद्याआडून झुंबरचा आवाज आला, "जरा हळू गं माय, गुदगुल्या होऊ राहिल्या. माझ्या मालकानं पण एवढं शोधलं नाही कधी." बायका हसल्या. शिंगाडेही हसली असावी. मग तिनं पडदा सारून हाक मारली, "पुढची."

पुढची सुगंधा होती.

"मी नाही देणार झडती," ती म्हणाली.

हसू जिथल्या तिथं विरलं.

"का?" कुलथे साहेब पुढे आले.

"नाही देणार."

"सगळ्यांनी दिली. लपवायचं काही नसेल तर नाही का म्हणता?"

तिच्या हाताची घडी आणखी घट्ट झाली. आणि ज्यांना काहीच ठाऊक नव्हतं, त्यांच्या नजरा त्या घडीवर गेल्या. मला ते दिसत होतं. माझ्या जागी कुणीही असतं तरी तिथंच बघितलं असतं.

"साहेब, ती तसली नाही," मी म्हटलं.

"हौसाबाई, तुम्ही तिला रोज नीट तपासता?"

"तपासते."

"संपूर्ण?"

"संपूर्ण."

शिंगाडेनं लवंग एका गालातून दुसऱ्या गालात घेतली आणि माझ्याकडे बघितलं.

"मला बोलू द्या तिच्याशी," मी म्हटलं आणि सुगंधाला भिंतीपाशी, त्या खिळ्यांच्या ओळीखाली घेऊन गेले.

"दोन मिनिटांचं काम आहे गं. डोळे मिटून उभी राहा."

"ती सगळीकडे हात लावू राहिली. झुंबरला विचार."

"मी आधीच सांगते तिला."

"काय सांगशील?"

मी तोंड उघडलं. शब्द दोन अक्षरांचा. लहान मुलालाही जोडाक्षराशिवाय लिहिता येईल असा. तो माझ्या तोंडून निघेना.

"बघ," ती म्हणाली. "तुलाच सांगता येत नाही. आणि सांगितलंस तरी काय? ती साहेबाला सांगेल. साहेब म्हणेल, घरी बस. आई घरी बसली. अक्का घरी बसली. घरी बसलं की मग तेवढंच उरतं हौसाताई, दुसरं काही राहत नाही. इथं निदान दिवसभर हात चालू असतात."

"मग आता काय करायचं?"

"मला काय विचारतेस. शिट्टी तुझ्याकडे आहे."

तेवढ्यात कुलथे साहेबांचा आवाज आला. "झालं का? नाहीतर चौकीवर न्यावं लागेल. मग नाव पोलिसात जाईल, मला काही करता येणार नाही."

चौकी या शब्दाला ती बिचकली. तिच्या गावातला एकजण चौकीवर गेला होता, आणि त्याच्या पोरीचं लग्न चार वर्षं अडलं होतं. तिलाही पोरगी होती. तिनं हाताची घडी सोडली आणि स्वतःच पडदा सारून आत गेली. मागून शिंगाडे.

पडदा खाली आखूड होता. बाहेरून फक्त पाय दिसायचे. शिंगाडेचे काळे बूट आणि सुगंधाचे अनवाणी पाय, बोटांवर जोडव्यांचे पांढरट वळ. बूट तिच्याभोवती फिरले. मागं गेले, पुढं आले, अगदी जवळ आले. मग थांबले. सुगंधाच्या पायाची बोटं फरशीवर वळली. बूट तसेच थांबलेले. मग बूट एक पाऊल मागं सरकले, हळूच, झोपलेल्या माणसाजवळून उठताना सरकावेत तसे.

शिंगाडे बाहेर आली. आपले हात आपलेच नसल्यासारखे तिनं अंगापासून थोडे लांब धरले होते.

"डबी नाही हिच्याकडे," ती म्हणाली.

"नक्की?" कुलथे साहेब.

"नाही म्हटलं ना."

ती माझ्याशेजारी येऊन भिंतीला टेकली. लवंग थुंकली. मग ओठ फार न हलवता म्हणाली, "तुम्ही रोज चेक करता ना हिला?"

"हो."

"मग?"

"मग काय."

"माझी एक मावशी," एवढं शिंगाडे म्हणाली आणि मावशीचं काय ते तिनं सांगितलं नाही.

आत सुभेदार अजून फडक्यावरच्या डब्यांकडे बघत बसले होते. "एकडाव जमीन मी स्वतः बघतो," ते म्हणाले. "चष्मा लावून बघतो." त्यांनी स्वेटर छातीवर वर ओढला, आतल्या शर्टाच्या खिशाचं बटण काढलं आणि चष्म्याचं घर बाहेर खेचलं. त्याबरोबर काहीतरी टेबलावर पडलं, दोनदा उसळलं आणि गोल फिरून थांबलं.

डबी.

त्यांना ओळखायला वेळ लागला. आधी त्यांनी ती चष्म्यासारखीच आपली वस्तू असावी तशी बघितली. मग ते हळूहळू माझ्याकडे वळले.

"सकाळची," मी म्हटलं. "तुम्ही मला हातात दिली होती ती."

आमच्या सगळ्यांच्या अंगावरून हात फिरला होता. माझ्या, राखणदाराच्यासुद्धा. त्यांच्या अंगावरून फिरवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

सुभेदार उठून उभे राहिले. टोपी काढली. "चूक माझी हाय," ते म्हणाले. "दावायला म्हणून मीच काढली, आन् खिशात टाकून इसरलो. तुमाला सगळ्यास्नी चोर ठरवलं. माफ करा बायांनो."

त्यांनी हात जोडले. कुलथे साहेब म्हणाले, असं काय साहेब, होतं कधी कधी. झुंबर म्हणाली, "पुढच्या खेपेला तुमची झडती मीच घेते, चष्म्यासकट." आणि मग सगळ्या हसायला लागल्या. जरुरीपेक्षा जास्त, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सुटलो होतो ना. टेम्पो अजून उभा होता. घरी जाऊन चूल पेटवायची होती.

डब्या चक्कीत गेल्या. दात खाल्ल्यासारखा आवाज झाला, मग वाळू पडल्यासारखा, मग बंद. सुभेदारांनी भुकटीत बोट घालून बघितलं आणि मान हलवली. तो माल मेला.

मी खिळ्यांवरून मंगळसूत्रं उतरवून जिचं तिला देऊ लागले. बायका गळ्यात घालताना एकमेकींच्या केसांतून दोरे सोडवत होत्या, गडबडीनं बोलत होत्या, कुणाच्या घरी आज काय आहे, कुणाचा नवरा ओरडणार आहे. सुगंधाचं मंगळसूत्र मी शेवटी दिलं. तिनं ते घातलं नाही, नुसतं मुठीत धरून उभी राहिली. त्या गडबडीत ती गुपचूप टेम्पोत जाऊन बसली असती तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं. उद्या सकाळी ती पुन्हा आली असती, मी पुन्हा वळसा घातला असता. मला तेच हवं होतं, खरं सांगते. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं.

सुभेदार तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"तुमचं नाव काय म्हणाला?"

"सुगंधा."

"सुगंधाताई, एक इचारू? रागावू नका. तुम्ही न्हाई म्हणाला तवा माझ्या मनात तुमच्याबद्दल वाईट आलं. एकदा न्हाई, चांगलं धा मिंटं आलं. ते मला काढून टाकायचंय. तुम्ही काय घेतलं नव्हतं. मग झडतीला न्हाई का म्हणाला?"

साधा प्रश्न. एवढ्या महिन्यांत कुणी तिला इतकं सरळ काही विचारलं नव्हतं.

"लाजतात साहेब," कुलथे साहेब मध्ये पडले. "गावाकडच्या बायका. परक्या हाताची सवय नसते."

"उपास हाये तिचा आज," झुंबर म्हणाली. "उपासाला शिवलेलं चालत नाही तिला."

झुंबरनं दुपारी सुगंधाच्याच डब्यातली वांग्याची भाजी खाल्ली होती.

"गळू झालंय साहेब," नजमा म्हणाली. "काखेत. दुखतं, म्हणून."

सगळ्यांचं झालं, तसे सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं. सकाळी डोळे मिटायला लावून त्यांनी ज्या बोटांना शिकवलं होतं, त्या बोटांकडे.

"माझे हात गार असतात," मी म्हटलं. "तिला त्याचीच सवय झालीय."

शिंगाडे खाली फरशीकडे बघत होती. बाहेर टेम्पोवाल्यानं पुन्हा हॉर्न वाजवला, लांबलचक, आणि कुणी जागचं हललं नाही.

सुगंधानं आमच्याकडे बघितलं. एकेकीकडे, खिळ्यांवरून ओळीनं नजर फिरवावी तसं. रागानं नाही. थकलेलं माणूस पाहुण्यांकडे बघतं तसं, आता उठा म्हणावं की नको अशा नजरेनं. मग तिनं मुठीतलं मंगळसूत्र माझ्या हातात परत दिलं, आणि मोकळा झालेला हात छातीच्या डाव्या बाजूला ठेवला. आमच्यासमोर पहिल्यांदा, न लपवता.

"गळू नाही साहेब," ती म्हणाली. "गाठ आहे. माझ्या आईला होती, अक्काला होती, तीच. ह्या सगळ्यांना ठाऊक आहे."